‘रिजेक्ट झालं’ म्हटलं की घरी परतू नका

दवाखान्याच्या खिडकीने आपल्या वस्त्यांना जे थोडे इंग्रजी शब्द शिकवले, त्यात ‘रिजेक्ट’ हा एक. खिडकीतला माणूस मान वर न करता सांगतो, “तुमचं रिजेक्ट झालं.” आपला माणूस केस पेपरची घडी करतो, पिशवी उचलतो आणि घरची वाट धरतो. कोणी नाकारले, कशासाठी नाकारले, दाद कुठे मागायची, यातले काहीच विचारले जात नाही. मग ऑपरेशन एक तर पुढे ढकलले जाते, नाहीतर सावकाराच्या पैशाने होते. दागिने आधीच गहाण असतात, आता घराचे कागदही जातात.

आम्ही बरीच वर्षे वॉर्डात नर्स म्हणून काम केले. आता वस्त्यांमध्ये फिरून रुग्णांच्या कागदपत्रांचे काम करतो. खिडकीच्या दोन्ही बाजू पाहिल्यावर एक गोष्ट आम्हाला पक्की समजली आहे. तोंडी नकाराला अपील नसते, लेखी नकाराला असते. म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर एवढेच सांगायचे आहे, की ऑपरेशनला नकार मिळाला तर आधी कारण कागदावर घ्या. त्या कारणातच पुढची वाट लिहिलेली असते.

आधी कार्ड ओळखा

आपल्या घरांत साधारण तीन प्रकारची सोय असते आणि तिन्हींची दाद मागण्याची जागा वेगळी आहे.

पहिली सोय म्हणजे महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना. ही २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिचे नाव बदलले. पुढे केंद्राची आयुष्मान भारत योजना तिला जोडली गेली. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण ठरले आणि पांढऱ्या रेशनकार्डालाही योजना खुली झाली. या योजनेत जुना आजार आहे म्हणून नकार देता येत नाही. मंजूर झालेल्या उपचारासाठी रुग्णाकडून वेगळे पैसेही घेता येत नाहीत.

दुसरी सोय मेडिक्लेमची. कोणी स्वतः हप्ता भरून पॉलिसी काढलेली असते, कोणाला कंपनीकडून किंवा ठेकेदाराकडून गटविमा असतो.

तिसरी ईएसआयसी. महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगारांची ही सोय. तिचे नियम आणि तक्रारीची वाट अगदी निराळी असल्याने त्यावर स्वतंत्र लिहू. हा लेख पहिल्या दोन सोयींपुरता आहे.

‘क्वेरी’ म्हणजे नकार नव्हे

सरकारी योजनेत ऑपरेशनच्या आधी रुग्णालयाला ऑनलाइन पूर्वपरवानगी घ्यावी लागते. रुग्णालय रिपोर्ट, फोटो आणि कागद पाठवते, तिकडचे डॉक्टर ते तपासतात. कागद कमी असला, सोनोग्राफीची प्रत वाचता येत नसली किंवा नावात फरक असला, तर ते प्रश्न विचारून फाईल परत पाठवतात. याला ‘क्वेरी’ म्हणतात. क्वेरीला उत्तर द्यायचे काम रुग्णालयाचे असते. उत्तर गेले की फाईल पुन्हा पुढे सरकते.

पण खिडकीवर क्वेरी आणि नकार यांत फरक केला जात नाही. दोन्हीला एकच शब्द, “रिजेक्ट”.

आमच्या ओळखीच्या एक मावशी चार घरची धुणीभांडी करतात. मुतखड्याचे दुर्बिणीतून ऑपरेशन ठरले होते. तीन दिवस दाखल राहिल्यावर त्यांना सांगितले गेले, “योजनेत बसत नाही, चाळीस हजार भरा, नाहीतर डिस्चार्ज घ्या.” त्यांच्या मुलीने आम्हाला फोन केला. आम्ही तिला एवढेच सांगितले, की आरोग्यमित्राकडे जा आणि कॉम्प्युटरवर नेमके काय लिहून आले आहे ते वाचून दाखवायला सांग. तिथे दोन ओळी होत्या. रेशनकार्डावर माहेरचे नाव आणि आधारवर सासरचे, त्याचा पुरावा जोडा. सीटी स्कॅनचा रिपोर्ट नीट दिसत नाही, पुन्हा पाठवा. लग्नाचा दाखला आणि नवी प्रत गेली, दुसऱ्या दिवशी मंजुरी आली. चाळीस हजारांचा प्रश्न दोन कागदांनी सुटला.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारा, “क्वेरी आहे की नकार? मला शेरा दाखवा.”

खरा नकार आला तर

योजनेतून खरोखर नकार आला असेल तर कारण साधारण चारपैकी एक असते.

एक, कागदाचे कारण. नाव, वय, रेशनकार्ड, आधार यांत मेळ नाही. हे दुरुस्त होणारे कारण आहे. लग्नाचा दाखला, राजपत्र, शाळेचा दाखला, तहसील कार्यालयाचा दाखला यांपैकी काय चालेल ते आरोग्यमित्राकडून लिहून घ्या.

दोन, ते रुग्णालय त्या उपचारासाठी योजनेत नाही. एखादे रुग्णालय हाडांच्या ऑपरेशनसाठी योजनेत असते, हृदयाच्या नसते. इथे भांडण्यात वेळ घालवू नका. जवळचे दुसरे कोणते रुग्णालय आहे ते १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या मोफत क्रमांकावर विचारा.

तीन, तो उपचार सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहे. योजनेतल्या काही शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयात होतच नाहीत, त्या सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात कराव्या लागतात. हा तुमच्या हक्काला नकार नाही, जागेचा नियम आहे. खासगी रुग्णालय मात्र हे स्पष्ट न सांगता पैसे भरायला सांगते, तेव्हा सावध राहा.

चार, वैद्यकीय कारण. ‘ऑपरेशनची गरज दिसत नाही’ किंवा ‘औषधाने बरे होईल’ असा शेरा असतो. इथे तुमच्या डॉक्टरांची साक्ष लागते. ऑपरेशन का लागते, औषधे किती दिवस देऊन पाहिली, थांबल्यास काय धोका आहे, हे डॉक्टरांच्या सहीशिक्क्याने लिहून घ्या आणि नव्या रिपोर्टसह प्रकरण पुन्हा पाठवायला सांगा.

एवढे करूनही काम अडले तर क्रमाने वर जा. आधी रुग्णालयातला आरोग्यमित्र, मग योजनेचे जिल्हा समन्वयक, मग मुंबईतली राज्य आरोग्य हमी सोसायटी. मोफत क्रमांकावर तक्रार नोंदवली की तक्रार क्रमांक मागून वहीत लिहा. तो क्रमांक नसेल तर तक्रार झालीच नाही असे समजा. आयुष्मान कार्ड असेल तर १४५५५ या क्रमांकावरही तक्रार करता येते. तिथे जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय अशा तीन पायऱ्यांच्या तक्रार निवारण समित्या आहेत.

रुग्णालयाने योजनेतल्या उपचारासाठी पैसे मागितले तर पावती मागा. पैसे भरावेच लागले तर पावतीशिवाय भरू नका. पावती हाती असली की परतफेडीची तक्रार उभी राहते.

मेडिक्लेम नाकारला तर

खासगी विम्यात दोन गोष्टींची गल्लत होते. कॅशलेस नाकारले म्हणजे क्लेम नाकारला असे नाही. कॅशलेस नाकारले तर आज कंपनी रुग्णालयाला थेट पैसे देणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. बिल भरून, सगळे मूळ कागद जपून, पॉलिसीत दिलेल्या मुदतीत तुम्ही खर्चाची परतफेड मागू शकता. ही मुदत चुकली की चांगला क्लेमही अडतो. म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच पॉलिसी उघडून तारीख पाहा.

विम्यावर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, २९ मे २०२४ रोजी कंपन्यांना एक परिपत्रक दिले आहे. त्यातल्या चार गोष्टी प्रत्येक घराने लक्षात ठेवाव्यात.

कॅशलेसच्या अर्जावर कंपनीने एका तासाच्या आत निर्णय द्यायचा आहे.

डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची आहे.

कंपनीच्या समितीने तपासून मान्यता दिल्याशिवाय क्लेम नाकारता येत नाही. टीपीएच्या, म्हणजे मधल्या संस्थेच्या, माणसाने फोनवर ‘होणार नाही’ म्हणणे हा निर्णय नव्हे. विमा कंपनीचे पत्र मागा.

नाकारताना किंवा रक्कम कापताना पॉलिसीतले नेमके कोणते कलम लावले, ते लिहून कळवावे लागते. ‘पॉलिसीच्या नियमांनुसार’ एवढे मोघम उत्तर पुरेसे नाही.

कंपन्यांचे नेहमीचे कारण ‘जुना आजार’ हे असते. २०२४ पासूनच्या नियमांनुसार जुन्या आजारासाठीचा थांबण्याचा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा ठेवता येतो. पॉलिसी सलग पाच वर्षे, म्हणजे ६० महिने, चालू असेल, तर ‘तुम्ही आजार लपवला’ म्हणून क्लेम नाकारता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक हाच त्याला अपवाद. मात्र हप्ता चुकून पॉलिसी खंडित झाली तर हा फायदा जाण्याची शक्यता असते. हप्त्याची तारीख चुकवू नका.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये एका हृदयरुग्णाच्या प्रकरणात आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. अर्जात प्रकृतीची माहिती दिली असेल, तर ती तपासून धोका जोखणे हे कंपनीचे काम आहे. एकदा पॉलिसी दिल्यावर त्याच सांगितलेल्या आजाराकडे बोट दाखवून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. म्हणून पॉलिसी काढताना बीपी, शुगर, जुने ऑपरेशन, सगळे खरे लिहा. एजंट म्हणेल, “लिहू नका, हप्ता वाढेल.” त्याचे ऐकू नका. क्लेमच्या वेळी एजंट शेजारी उभा नसतो.

प्रत्येक नकार चुकीचा असतो असेही नाही. मोतीबिंदू, हर्निया, गर्भाशय काढणे, मुतखडा, गुडघा बदलणे अशा ठरावीक शस्त्रक्रियांना बहुतेक पॉलिसींत पहिली दोन वर्षे संरक्षण नसते. एका काकांनी पॉलिसी काढल्यावर सात महिन्यांत मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरवले आणि क्लेम नाकारला गेला. आम्ही पॉलिसी वाचली आणि त्यांना सांगितले, की इथे लढण्यात अर्थ नाही. सरकारी नेत्रविभागात त्यांचे ऑपरेशन विनाखर्च झाले.

केस पेपरवरची एक ओळ

ही गोष्ट आम्ही वॉर्डात असताना रोज पाहिली. रुग्ण दाखल होतो तेव्हा शिकाऊ डॉक्टर घाईने विचारतात, “त्रास कधीपासून? बीपी किती वर्षांपासून?” रुग्ण वेदनेने तळमळत असतो. सोबतचा पुतण्या किंवा शेजारी अंदाजाने सांगतो, “असेल पाच-सहा वर्षांपासून.” केस पेपरवर ओळ पडते आणि पुढे तीच ओळ कंपनीचा पुरावा होते. पॉलिसी तीन वर्षांची, आजार सहा वर्षांचा, म्हणजे लपवला, असा हिशेब मांडला जातो.

खोटे सांगा असे आम्ही म्हणत नाही. माहीत असेल तेच सांगा. नसेल माहीत तर “नक्की ठाऊक नाही” म्हणा. आजार कधी कळला त्याचा पहिला कागद असेल तर तो दाखवा. चुकीची ओळ पडलीच असेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून खुलाशाचे प्रमाणपत्र घ्या. ही माहिती कोणी दिली आणि आजाराचे पहिले निदान कोणत्या तारखेला झाले, हे त्यात असावे.

एका टेम्पोचालक दादांचे हर्नियाचे प्रकरण याच ओळीवर अडले होते. केस पेपरवर तीन वर्षांपासून गाठ असल्याची नोंद होती, पॉलिसी अडीच वर्षांची होती. दादा त्या वेळी बोलण्याच्या स्थितीत नव्हते, माहिती मेव्हण्याने दिली होती. वस्तीतल्या डॉक्टरांचा पहिला कागद शोधला, तो दहा महिन्यांपूर्वीचा निघाला. डॉक्टरांनी खुलासा दिला आणि प्रकरण विमा लोकपालांकडे गेले. काही महिन्यांनी रक्कम मिळाली.

रुग्णालयातल्या नोंदींच्या प्रती मागणे हा रुग्णाचा हक्क आहे. लेखी मागणी केल्यावर ७२ तासांत त्या द्याव्यात, असा डॉक्टरांसाठीचा नियम २००२ पासून आहे.

लोकपाल आणि ग्राहक आयोग

मेडिक्लेमच्या नकारावर पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करायची. त्याचा पत्ता पॉलिसीच्या कागदांत असतो. सोबत आयआरडीएआयच्या १५५२५५ या क्रमांकावर किंवा ‘बिमा भरोसा’ या त्यांच्या यंत्रणेत नोंद करा.

एक महिन्यात उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालांकडे जा. महाराष्ट्रात त्यांची कार्यालये मुंबई, ठाणे आणि पुण्यात आहेत. फी नाही आणि वकील लागत नाही, स्वतःच म्हणणे मांडायचे असते. ५० लाख रुपयांपर्यंतची प्रकरणे तिथे चालतात. कंपनीने नाकारल्यापासून एका वर्षाच्या आत जावे लागते. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नसतो. निवाडा पटला नाही तर ग्राहक आयोगाचा मार्ग उरतो.

आधी ग्राहक आयोगात गेलात तर लोकपाल तेच प्रकरण घेत नाहीत. म्हणून क्रम चुकवू नका. ग्राहक आयोगासाठी मुदत दोन वर्षांची आहे. तिथेही स्वतः बाजू मांडता येते.

वकील हवाच असेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि प्रत्येक स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींमध्ये बौद्धांचाही समावेश झाला आहे. जातीचा दाखला सोबत न्या. चौकशीसाठी क्रमांक १५१००.

अर्जाचा नमुना

कोऱ्या कागदावर मराठीत लिहिला तरी चालतो.

*प्रति, वैद्यकीय अधीक्षक / व्यवस्थापक (रुग्णालयाचे किंवा विमा कंपनीचे नाव)*

*विषय : शस्त्रक्रियेची मंजुरी नाकारल्याचे कारण लेखी मिळण्याबाबत*

*महोदय, माझे / माझ्या (नाते) यांचे नाव ... असून दाखल क्रमांक ... आहे. डॉक्टरांनी ... ही शस्त्रक्रिया सांगितली आहे. दिनांक ... रोजी ती मंजूर नसल्याचे आम्हाला तोंडी सांगण्यात आले. नाकारण्याचे नेमके कारण, लावलेला नियम किंवा कलम, निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याचे पद आणि तारीख लेखी द्यावी. तसेच मंजुरीसाठी पाठवलेल्या कागदांची व आलेल्या शेऱ्याची प्रत द्यावी, ही विनंती. रुग्णाची प्रकृती पाहता उत्तर तातडीने मिळावे.*

*सही, तारीख, फोन क्रमांक*

दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. पोच दिली नाही तर तोच अर्ज ई-मेलने किंवा स्पीड पोस्टाने पाठवा. बहुतेक वेळा हा कागद टेबलावर ठेवल्याबरोबर बोलण्याची भाषा बदलते, हा आमचा अनुभव आहे.

अपील चालू, उपचारही चालू

शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे. अपिलाच्या निकालाची वाट पाहत घरी बसू नका. हर्नियाची गाठ आत जात नाही आणि उलट्या होतात, पोट फुगून कडक झाले, छातीत दुखून घाम फुटला, लघवी बंद झाली, ताप चढून थंडी वाजते आणि मुतखडा आहे, यांतले काहीही झाले तर तडक जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा. एक भाऊ ‘रिजेक्ट झालं’ ऐकून घरी आले होते. पाचव्या रात्री आतडे अडकले. जीव वाचला, पण आतड्याचा तुकडा काढावा लागला आणि आठ दिवसांचे ऑपरेशन दीड महिन्याचे झाले.

तातडीच्या रुग्णासाठी फुले योजनेत फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करण्याची सोय आहे. ती वापरा असे आरोग्यमित्राला स्पष्ट सांगा.

दुसरी वाट धर्मादाय रुग्णालयांची. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. तातडीच्या रुग्णाला त्यांनी आधी दाखल करून घ्यायचे असते. खाट नाही म्हणाले तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते.

आता एक काम घरोघरी करा. एका प्लास्टिकच्या फाईलमध्ये रेशनकार्ड, सर्वांचे आधार, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पॉलिसी आणि आजाराचा पहिला कागद यांच्या प्रती ठेवा. नावांतला फरक आजच, कोणी आजारी नसताना दुरुस्त करा. प्रत्येक वस्तीत लिहिता-वाचता येणाऱ्या दोन मुलींनी आणि दोन मुलांनी हा अर्ज शिकून घ्यावा. विहारात रविवारी जमतोच, तिथे पंधरा मिनिटे या कामाला द्यावीत. रात्री अकरा वाजता कोणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर सोबत जाणाऱ्याच्या हातात ही फाईल असावी आणि तोंडी पहिला प्रश्न असावा, “कारण लिहून द्या.”